सावकाश फिरणाऱ्या दोघांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले की पाटीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीतरी विचारतंच, ‘काकू, आता कुठं?’ लग्नाच्या पंगतीत तर दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात आणि पानातले वडे गार होतात. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. यापुढे विचारलंत तर हेच वाचायला सांगेन. मला जेवू द्या.

तुम्ही दोघं म्हणजे कोण?

मी शाळेत भूगोल शिकवायचे, हे वीज खात्यात होते. दोघंही निवृत्त. मुक्काम रत्नागिरी, भाट्ये खाडीच्या अलीकडे. कौलारू घर, पंधरा कलमं, आठ माड, एक विहीर. मुलगा पुण्यात असतो. माझे गुडघे बरे आहेत, ह्यांचे नाहीत. एवढं पुरे.

हे सावकाश फिरायचं खूळ आलं कुठून?

२०१६च्या दिवाळीत मुलानं आम्हाला युरोपच्या सहलीला धाडलं. बारा दिवस, सात देश, एका यात्रा कंपनीची बस आणि चाळीस माणसं. रोज सकाळी सहाला बॅगा खोलीच्या दाराबाहेर. व्हेनिस म्हटलं की मला आजही आठवते ती स्वच्छतागृहासमोरची रांग. ह्यांनी तर बसमध्ये झोपेत दोन देश ओलांडले. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, ‘सगळ्यात काय आवडलं?’ तर आम्ही दोघांनी एकाच धबधब्याचं नाव घेतलं आणि देश मात्र वेगवेगळे सांगितले.

त्याच डिसेंबरात आम्ही हेदवीला गेलो. दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं आणि बामणघळीवर आलो. ओहोटी होती. ओहोटीला बामणघळ म्हणजे काळ्या खडकातली लांबच लांब फट आणि तळाशी चुळचुळणारं पाणी, बाकी काही नाही. तेवढ्यात एक मिनीबस आली. माणसं उतरली, वाकून फटीत बघितलं, ‘एवढंच?’ म्हणाली, फोटो काढले आणि दहा मिनिटांत गेली. मी खडकावर बसून राहिले. तीस वर्षं मुलांना भरती-ओहोटी शिकवलेली बाई भरतीची वेळ न बघता आली होती!

गावात एका घरी खोली मिळाली. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘उद्या न्याहारी करून जा, तोवर पाणी चढेल.’ दुसऱ्या दिवशी गेलो. आधी लांबून दणका ऐकू आला, जमिनीखाली कुणी पिंप लोटावं तसा. मग लाट त्या फटीत शिरली, आत चेंगरत गेली आणि शेवटच्या टोकाला जागा संपली तशी सरळ वर उसळली. चांगला दोन-तीन माणूस उंच खांब. खाली येईपर्यंत त्याचं धुकं झालेलं. हे म्हणाले, ‘थांब, अजून एक येतंय.’ असं करत दीड तास गेला. ह्यांच्या चष्म्यावर मिठाचे पांढरे ठिपके वाळले होते आणि ते त्यांनी गुहागरपर्यंत पुसले नाहीत.

तेव्हापासून आमचा नेम झाला. जिथं जायचं तिथली निदान एक भरती आणि एक ओहोटी बघायची. डोंगराळ गाव असेल तर निदान एक आठवडी बाजार.

पण एका गावात नऊ-नऊ दिवस करता तरी काय?

इथं करतो तेच. सकाळी चालायला जातो, भाजी आणतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी पाण्याकडे जाऊन बसतो. पहिले दोन दिवस आपण पाहुणे असतो. तिसऱ्या दिवशी भाजीवाली ओळखते. पाचव्या दिवशी ती चांगलं वांगं बाजूला काढून ठेवते. सातव्या दिवशी तिच्या सुनेची तक्रार ऐकायला मिळते, मग भाषा कुठलीही असो. सुनेची तक्रार हातवाऱ्यांवरून कळते.

बघायची ठिकाणं बघतच नाही असं नाही. दिवसाला एक, फार तर.

घरासमोर समुद्र असताना परदेशात जाऊन पुन्हा समुद्रच कशाला?

हा माझ्या नणंदेचा आवडता प्रश्न. वन्सं, उत्तर लांब आहे, बसा.

२०२३ साली गणपती झाल्यावर आम्ही पोर्तुगालला गेलो. लिस्बनमध्ये दहा दिवस, मग उत्तरेला नाझारे नावाच्या मच्छीमार गावात दोन आठवडे. नाझारेत एक कडा आहे, वर जायला १८८९पासून चालणारी दोरखंडाची गाडी आहे, आणि थंडीत तिथं जगातल्या सगळ्यात मोठ्या लाटांवर पोरं फळ्या घेऊन चढतात. हे सगळं माहितीपत्रकात असतं. माहितीपत्रकात नसलेली गोष्ट आम्हाला पहिल्या सकाळी नाकानं सांगितली. हे रस्त्यात थांबले आणि आमच्या दापोलीकडच्या मासळीबंदराचं नाव घेतलं, ‘हर्णै!’

किनाऱ्यावर लाकडी चौकटींना जाळी ताणलेली आणि त्यावर मासे उभे चिरून, पुस्तकासारखे उघडून उन्हात घातलेले. शेजारी खुर्ची टाकून काळ्या झग्यातल्या म्हाताऱ्या. एक मासा होता कारापाव नावाचा, लांबून बघितलं तर बांगडाच. मी एका आजींना खुणेनं विचारलं, मीठ किती? त्यांनी माझ्या तळहातावर खडे मीठ ठेवलं, मूठ मिटवली आणि मनगटाला धरून हलवून दाखवलं, इतकंच, जास्त नाही. आमच्याकडे खारवतात तेव्हा हात याहून सैल असतो. ते मी त्यांना सांगितलं, पण मराठीत.

दुसरी गंमत शब्दांची. पाव, साबण, बटाटा, काजू, अननस, कोबी, पिंप, घमेलं, बालदी हे सगळे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले. खोलीची किल्ली हरवली तेव्हा मी घाबरून ‘चावी, चावी’ म्हणाले आणि काउंटरवरच्या मुलीनं ‘शाव?’ म्हणत दुसरी काढून दिली. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो ना, तो ‘लिलाव’सुद्धा त्यांचाच, लैलाऊं. हापूस हे नावही आफोन्सो द आल्बुकर्कवरून आलं. हे तिथल्या फळवाल्याला सांगायचा ह्यांनी फार प्रयत्न केला. त्याच्याकडे आंबे ब्राझीलचे होते, त्यामुळे त्याचं मत बनलं नाही.

श्रीलंकेचं तसंच. गॉलला नऊ दिवस राहिलो, २०२५च्या जानेवारी-फेब्रुवारीत. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डच लोकांनी बांधून काढलेला किल्ला, आत माणसं राहतात, शाळा भरते, तटावर संध्याकाळी पतंग उडतात. नाश्त्याला इंदिआप्पं आली आणि मी ताटाकडे बघतच राहिले. शिरवाळे, आपल्या तांदळाच्या शेवया! फक्त आपण नारळाच्या गुळचट रसात बुडवतो, ते तिखट चटणी आणि नारळाच्या पिवळ्या कालवणाशी खातात. माशाच्या आंबट कालवणात गोरका घालतात, ते आपल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, कुळातलंच झाड. एका खानावळीच्या मालकिणीला मी पिशवीतली आमसुलं दाखवली. तिनं एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि स्वयंपाकघरातून सगळ्यांना हाक मारली. हे मात्र तेव्हा तिथं नव्हते. तटाखालच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी चालू होती आणि उस्मान ख्वाजा द्विशतकाकडे निघाला होता.

कोलंबोहून गॉलला जाणारी गाडी इतकी पाण्याला लागून जाते की खिडकीतून फक्त समुद्र दिसतो. वाटेत पेरालिया लागतं. २००४च्या डिसेंबरात तिथं त्सुनामीनं एक भरलेली गाडी उचलून टाकली, सतराशेहून जास्त माणसं गेली. आता तिथं बुद्धाची उंच मूर्ती उभी आहे. डब्यातली बडबड त्या ठिकाणी थांबली आणि समोरच्या बाईनं हात जोडले. आपला समुद्र आपण रोज बघतो म्हणून तो आपल्याला घरातला वाटतो. दुसऱ्यांचा बघून आलं की आपल्याकडेही जरा जपून बघतो.

मंडालेला कोण जातं?

रत्नागिरीच्या माणसानं जायला हवं. आपल्याकडे थिबा पॅलेसला शाळेची सहल नेतात, पोरं तिथल्या व्हरांड्यात पळापळी करतात, डबे खातात आणि परत येतात. मीही नेल्या असतील पंचवीस सहली. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याला १८८५ साली पकडलं आणि मंडालेहून उचलून पुढच्या वर्षी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये. १९१६मध्ये राजा इथंच वारला आणि त्याची समाधीही इथंच आहे. आणि टिळक? जन्म रत्नागिरीचा, १९०८मध्ये शिक्षा झाली आणि इंग्रजांनी नेऊन ठेवलं मंडालेला, सहा वर्षं. गीतारहस्य तिथल्या तुरुंगात लिहून झालं. म्हणजे त्यांचा राजा आपल्या गावात आणि आपल्या गावचा माणूस त्यांच्या राजधानीत. दोघंही एकाच वेळी दुसऱ्याचा पाऊस बघत बसलेले. हे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवत असे, पण गेले नव्हते.

२०१९च्या जानेवारीत गेलो. मंडालेच्या किल्ल्याचा खंदक चौकोनी आहे, एकेक बाजू दोन किलोमीटरची. आपण चालायला लागलो की तो संपतच नाही. परदेशी माणसाला एकाच दारानं सोडतात, पूर्वेच्या, कारण आत लष्कर आहे. मूळ राजवाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला, आत्ताचा नंतर उभारलेला. टिळकांच्या कोठडीची जागा काही बघायला मिळाली नाही. पण राजवाड्याचा एक तुकडा शिल्लक आहे, किल्ल्याच्या बाहेर. थिबाचा बाप मिंडॉन ज्या महालात वारला, तो महाल बापाचं भूत आहे म्हणून थिबानं खोलून बाहेर हलवला आणि भिक्षूंना दिला. त्यामुळं तो तेवढा जळायचा वाचला. श्वेनांदॉ म्हणतात त्याला. सगळा सागवानी, इंचभर जागा कोरायची सोडलेली नाही. तिथल्या राखणदाराला मी फोनवर आपल्या थिबा पॅलेसचा फोटो दाखवला आणि बोटानं स्वतःकडे खूण केली, मी तिथली. त्यानं फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग आत जाऊन आम्हाला दोन केळी आणून दिली. काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही, म्हणून आम्ही केळी खाल्ली.

आता जा असं मी म्हणणार नाही. २०२१च्या फेब्रुवारीत लष्करानं सत्ता घेतली, त्यानंतर तिथं शांतता नाही. २०२५च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, त्यात किल्ल्याच्या भिंतीही पडल्या. त्या बातम्या आम्ही टीव्हीवर उभ्यानं बघितल्या. तुम्ही तूर्तास थिबा पॅलेसच नीट बघून या. दोन तास द्या, डबा नंतर खा.

वर्षात कधी निघता?

आधी काय वजा करायचं ते सांगते. शिमगा वजा, पालखी घरी येते. एप्रिल-मे वजा, आंबा. त्यात परत मुंबईचे पाहुणे, म्हणजे आंब्यापेक्षा जास्त काम. जून वजा, पहिल्या पावसात कौलं कुठं गळतात ते बघायला कुणीतरी घरात लागतं. गणपती वजा, हे सांगायला नको. राहिलं काय? गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत एक फट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी दुसरी. दुसऱ्या फटीत मोहोराची फवारणी येते, पण तिला माणूस सांगता येतो.

मुंबईकर विचारतात, मे महिन्यात का जात नाही, तेव्हा तर सगळे जातात. म्हणूनच.

घर आणि बाग कोण बघतं?

शेजारची वहिनी. तुळशीला पाणी, मांजराला भात आणि रात्री ओटीवरचा दिवा. पाडेली ठरलेला आहे, दर दोन-अडीच महिन्यांनी येऊन नारळ उतरवतो आणि मोजून वहिनींकडे देतो. एकदा आम्ही परत आलो तर माकडांनी मागची कौलं सरकवून स्वयंपाकघरातला कणगीभर लसूण विस्कटला होता. त्याला इलाज नाही. माकडांना आमचं वेळापत्रक कळतं.

व्हिसा तुम्ही स्वतः काढता? एजंट नाही?

स्वतः. वेळ आहे आमच्याकडे. युरोपचा, म्हणजे शेंगेनचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. मोठ्या माणसाला शुल्क आता ९० युरो. निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याहून जास्त आम्हाला घरच सोडवत नाही. पासबुकाचे, आयकराचे आणि राहण्याच्या आरक्षणाचे कागद नीट लावा. सोबत साध्या भाषेत एक पानभर पत्र लिहा: कोण, कुठं, का, परत कधी. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करायचा. श्रीलंकेचं काम घरबसल्या झालं. नियम मात्र सारखे बदलतात, जायच्या आधी त्या त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ उघडून बघा. भाच्याच्या मित्राचं ऐकू नका.

ठशांची एक अडचण सांगते. मुंबईला ह्यांची बोटं यंत्रावर ठेवली तर ठसे उमटेचनात. आयुष्यभर नारळ सोलून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीनं ओल्या कागदानं पुसून, दाबून, चार वेळा करून घेतले. मागच्या रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले तशी ती मोठ्यानं म्हणाली, ‘काकांच्या हातांनी काम केलंय, थांबा जरा.’ हे त्या वाक्यावर आठवडाभर खूश होते.

बॅगेत काय असतं?

कपडे कमी, पीठ जास्त. कुळथाचं पीठ एक किलो. परदेशात कुठंही एक पातेलं आणि शेगडी मिळाली की पिठी-भात होतो आणि पोट ताळ्यावर येतं. मेतकूट, आमसुलं, आंबापोळी, लिंबाचं लोणचं. लोणचं मोठ्या बॅगेतच टाका, हातातल्या पिशवीतून काढून घेतात.

सुकं खोबरं अजिबात नेऊ नका. ते तेलकट असतं, आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून विमानात बंदी आहे. आमच्या पहिल्या वेळी अर्धा किलो खोबऱ्याच्या वाट्या मुंबई विमानतळावर राहिल्या, आणि हातातल्या पिशवीतून ह्यांचा अडकित्ताही निघाला. आजोबांचा होता, पितळी घोड्याचा. मुलगा सोडायला आला होता म्हणून वाचला. बाहेर पळत जाऊन त्याच्याकडे दिला.

युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खव्याचं काही नको. ताज्या फळांनाही कागद लागतात, अपवाद पाचच: अननस, केळी, खजूर, डुरियन आणि नारळ. थोडक्यात, नारळ चालतो, हापूस चालत नाही. हे वाचून आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती.

भाषेचं कसं जमतं?

हे मराठीत बोलतात, मोठ्यानं. मी इंग्रजीत बोलते, हळू. बहुतेक वेळा ह्यांचं आधी कळतं.

खर्च झेपतो का?

ती बारा दिवसांची सहल आणि पोर्तुगालचे चोवीस दिवस यात पोर्तुगाल स्वस्त पडलं. विमानाचं तिकीट तेवढंच असतं, दिवस जास्त असले की ते पातळ होतं. आठवड्यानं खोली घेतली की भाडं उतरतं, आणि दिवसाचं एक जेवण घरी केलं की उरलेलं वाचतं.

इकडे फिरताना एसटी. बायकांना अर्धं तिकीट २०२३पासून आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, पंचाहत्तरीनंतर पूर्ण फुकट. त्यामुळं आमचं दोघांचं मिळून एक तिकीट होतं. कंडक्टर म्हणतो, ‘एक कोणाचं देऊ?’ रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र २०२०च्या मार्चपासून गेली ती परत आली नाही. त्याबद्दल ह्यांच्याशी बोलू नका, रक्तदाब आहे.

आम्हाला कोकणच सावकाश बघायचंय. कसं जावं?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण मुंबई-गोवा महामार्गानं जाणाऱ्याला कोकण दिसतच नाही, फक्त खड्डे आणि वडापाव दिसतात. आम्ही २०२२ साली आमच्या जुन्या गाडीतून रत्नागिरीहून मुरूड-जंजिऱ्यापर्यंत गेलो, किनाऱ्या-किनाऱ्यानं. अकरा दिवस आणि चार फेरीबोटी.

गणपतीपुळ्याच्या पुढं मालगुंड, केशवसुतांचं गाव. दादरहून सावंतवाडीला येणारी तुतारी एक्सप्रेस त्यांच्याच कवितेच्या नावानं धावते, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. मग जयगड. तिथून फेरीबोटीनं तवसाळ. गाडी बोटीवर चढवली की खाली उतरा, गाडीत बसून राहू नका, कठड्याला टेकून उभे राहा. पलीकडं हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. गुहागरात तीन रात्री. व्याडेश्वराच्या देवळामागून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायचं आणि परत यायला विसरायचं. मग धोपावेहून दाभोळ, ही दुसरी बोट. दहा मिनिटांत पार. ती नसती तर चिपळूणचा वळसा. बोट चुकली म्हणून हळहळू नका. तीसेक मिनिटं धक्क्यावर बसायला मिळतात, टपरीवर चहा असतो, शेजारी कुणाची तरी माहेरी निघालेली सून असते आणि तिच्या पिशवीत फणस असतो.

दापोलीकडं हर्णै, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. संध्याकाळी लिलावाला जा, मात्र मध्ये उभे राहू नका, बैलगाडी अंगावर येते. पुढं केळशी आणि मग वेळास.

वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जावं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी आणि वनखातं मिळून कुंपणात जपतात, आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ पाण्याजवळ नेऊन सोडतात. २००२पासून हे काम चालू आहे. आम्ही पहिल्या सकाळी गेलो, त्यांनी अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. संध्याकाळी वाळू. दुसऱ्या दिवशीही वाळू. मुंबईचं एक कुटुंब चिडून निघून गेलं, ‘आम्हाला सांगितलं होतं दिसतात म्हणून.’ कासवांनी काही सांगितलेलं नसतं. तिसऱ्या सकाळी टोपलीखाली अकरा पिल्लं, काडेपेटीपेक्षा मोठी नव्हेत, अंगाला वाळू चिकटलेली. दोरीच्या अलीकडं आम्ही सगळे पायावर बसलेलो. एक पिल्लू उलट्या दिशेनं, गावाकडं निघालं. ह्यांच्याकडं पाहून चाललंय असं मी म्हटलं. ते थांबलं, वळलं आणि ओल्या वाळूवर आल्यावर असं काही सुटलं! पहिल्या लाटेनं परत फेकलं. दुसरीनं घेतलं. अकराही जाईपर्यंत कुणी बोललं नाही, लहान पोरंसुद्धा.

नाना फडणवीसही मूळचे वेळासचे, पण त्या दिवशी आम्हाला नाना आठवले नाहीत.

पुढं वेसवीहून बागमांडला, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर. शेवटी दिघीहून आगरदांडा आणि मुरूड. जंजिऱ्याला शिडाच्या होडीनं जायचं, वारा असेल तेव्हाच पोचायचं. ह्या खाड्यांवर आता पूल व्हायचे घाटत आहेत. व्हायला हवेत, आजारी माणसाला रात्री बोट कुठून मिळणार. पण तुम्हाला घाई नसेल तर बोटी आहेत तोवर जाऊन या.

दक्षिणेला जायचं तर राजापूरकडची कातळशिल्पं, बारसू आणि देवाचे गोठणे. कशेळीला कनकादित्याचं देऊळ करा आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळमाळावरचा, तो हत्ती बघा, अठरा मीटर लांब, कातळात कोरलेला, पोटात इतर प्राणी घेऊन. दुपारी जाऊ नका, सड्यावर सावली नावाला नसते आणि उभ्या उन्हात रेषाही दिसत नाहीत. कलत्या उन्हात त्या उठून येतात.

पावसाळ्यात यावं का?

यावं, पण समुद्रात उतरू नये आणि किल्ल्यांची आशा धरू नये. सिंधुदुर्ग, जंजिरा, दोन्हीकडच्या होड्या बंद असतात. मासेमारीलाही जून-जुलै बंदी, तेव्हा ताटात सुकटच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, आरक्षण करताना वेळ तपासा. उशीर झाला तर कुरकुर करू नका. पानवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलावरून गाडी सावकाश चाललेली असावी आणि खाली सगळं हिरवं असावं, यात बिघडलं काय?

इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छत्री नका आणू, उलटी होते.

आजारी पडलात तर?

पडलो होतो. नाझारेत ह्यांना ताप आला. विमा होता, दवाखाना जवळ होता, दोन दिवसांत उतरला. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावांसकट, दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळी ठेवा. गोळ्या लागतात त्याहून पंधरा दिवसांच्या जास्त घ्या. मुख्य म्हणजे पुढच्या दिवशीचं काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळं काही बुडालं नाही.

चोवीस तास एकत्र राहून भांडता का?

भांडतो. लिस्बनमध्ये एकदा असे भांडलो की हे २८ नंबरच्या ट्रामनं एकटेच निघून गेले. तासाभरानं मी चौकात बाकावर बसलेली, आणि तीच ट्राम समोर येऊन थांबली, हे आतच. उतरायचं कुठं ते कळलं नव्हतं म्हणून दोन फेऱ्या मारून आले होते. म्हणाले, ‘छान दाखवतात हो सगळं गाव.’

फोटो कुठं बघायला मिळतील?

ह्यांच्या फोनमध्ये. बहुतेक मासळीबाजारांचे आहेत.

पुढच्या वेळी आम्हालाही न्याल का बरोबर?

नाही. रागावू नका, पण चार माणसं झाली की कुणीतरी ‘आता पुढं काय?’ विचारतंच. तुमचे तुम्ही जा. निघायच्या आधी मात्र संध्याकाळी घरी या, कुळथाचं पीठ दळून ठेवते. डबा तुमचा आणा, माझे मागच्यांनी परत केलेले नाहीत.